स्मिताला येणारा गॅसचा वास

"बाबा, जरा येता का? गॅसचा वास येतोय."

वास मुळीच येत नव्हता. स्मिताने स्वयंपाकघरातून हाक मारली आणि कानोसा घेतला. सासऱ्यांच्या खोलीतून चपलांचा आवाज आला. निशिकांतराव उठले म्हणायचे!

सासूबाई, सुलेखाताई, गेल्या आणि हरीशने वडिलांना पुण्याहून परदेशात, आपल्या सेरंगूनच्या फ्लॅटवर आणलं. तेव्हापासून ते खोलीतच बसून असत. परवा त्यांनी कुणाला न विचारता शुक्रवारचं परतीचं तिकीट काढलं. "तुमच्या संसारात माझं काय काम?" एवढंच म्हणाले. हरीशने आवाज चढवला, तेव्हा तेवढंही बोलणं बंद झालं. पुण्याच्या रिकाम्या घरात ते एकटे कसे राहतील, या विचाराने स्मिताचा जीव खालीवर होत होता.

मध्यंतरी सिलिंडर बदलताना त्यांनी मदत केली होती आणि त्या दिवशी नीट जेवलेही होते. स्मिताने ते हेरून ठेवलं होतं. म्हणून आजचा वास.

"खिडकी उघड. फॅनच्या बटणाला हात लावू नकोस," ते आत येत म्हणाले. "आणि वाटीत साबणाचा फेस कर."

शेगडीची बटणं बंद आहेत ना, ते त्यांनी दोनदा पाहिलं. मग ओट्याखाली वाकून रेग्युलेटर उघडला आणि नळीच्या जोडावर बोटाने फेस लावला.

"काडी ओढून कधी बघायचं नाही. गळत असेल तर फुगे येतात."

"आईंना यायचा का हो असा वास?"

"सुलेखाचं नाक भारी तिखट!" किती दिवसांनी ते हसले. "सारखी हाक यायची, अहो, वास येतोय. मी पेपर टाकून धावायचो. हीच वाटी, हाच फेस. फार आठवण येते गं तिची."

स्मिताचे डोळे भरून आले. पण फेसाला एकही फुगा येईना. आता आपलं पितळ उघडं पडणार, असं तिला वाटलं.

निशिकांतरावांनी मात्र जोरात हुंगलं. "आहे. बारीक आहे, पण आहे. नळी बदलावी लागेल. पुढेही लक्ष ठेवायला हवं. शुक्रवारी काही निघता येणार नाही मला."

मग त्यांनी जोड पुसला, काडी ओढली, बर्नरजवळ धरली आणि बटण फिरवलं. "आधी काडी, मग गॅस. चहा टाक."

गळती सापडल्यावर कुणी काडी ओढतं का, हे आनंदाच्या भरात स्मिताच्या ध्यानातच आलं नाही. चहा गाळून ती गॅलरीत पळाली आणि तुआसला, हरीशच्या ऑफिसात, फोन लावला. "राहतायत! पटलं त्यांना!"

खोलीत निशिकांतराव पुण्याला बहिणीशी बोलत होते.

"नाही येत गं शुक्रवारी. सूनबाईंना गॅसचा वास येतोय."

"अरे बापरे! गळतोय की काय?"

"छे! गळतोय कसला? आपल्या पुण्याच्या घरात तरी कधी गळला होता? मी रुसून बसलो, की सुलेखाला वास यायचा."