उसने डोळे

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, हयातीत कधी फोटो काढू दिला नाही. एकच होता, तोही ते गेल्यावर काढलेला. तेराव्याला मिटलेले डोळे भिंतीवर नकोत, असं आई म्हणाली.

मल्लेश्वरमच्या फोटो स्टुडिओतल्या नंजुंडाने माझा फोटो स्कॅन केला. "तुमचेच डोळे बसवतो, अक्का. तुम्ही अगदी त्यांच्यावर गेलाय."

त्याने डोळे बसवले, फाइल सेव्ह केली. पुन्हा उघडली तर अण्णांचे डोळे मिटलेले.

"स्वल्प थांबा," तो कानडीमिश्रित मराठीत म्हणाला. परत बसवले, परत मिटले.

तिसऱ्यांदा मात्र ते उघडे राहिले. अण्णा माझ्याकडे बघत होते. मला रडू आलं.

नंजुंडाने स्कॅनरचं झाकण उचलून माझा फोटो बाहेर काढला, पण देईना.

मी तो ओढून घेतला. त्यात माझे डोळे मिटलेले होते.