बाहेर गेल्याची वही

कारकुनाने शिक्का शाईवर टेकवला आणि नेमकं तेव्हाच मावशींना राहवलं नाही.

टेबलावर हजेरीच्या यंत्रातून निघालेला कागद होता. ग्रामीण सेवेचे चार हजार तास पूर्ण, वर चार जास्त. डॉक्टरीणबाईंनी तो आकडा दोनदा वाचला होता. सोमवारी शहरात पुढच्या शिक्षणाला रुजू व्हायचं होतं. सेवेचा दाखला नसला तर जागा दुसऱ्याला जाणार, पुन्हा वर्षभर वाट. त्यांची तीन वर्षांची लेक तिथेच आजीकडे होती आणि हल्ली आजीलाच आई म्हणायला लागली होती.

कारकून माणूस वाईट नव्हता. तोंड रिकामं राहू नये म्हणून म्हणाला, की हल्लीचे डॉक्टर घड्याळाकडे बघूनच काम करतात, वर चार तास म्हणजे पुष्कळच. दवाखान्यातल्या मावशींना ते झोंबलं. त्या तरातरा आत गेल्या आणि औषधांच्या कपाटामागून एक जाड वही घेऊन आल्या.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? वाचा. बाई कुठं कुठं गेल्यात, सगळं लिहिलंय मी."

टेकडीपलीकडे बाळंतपण, गेल्या दहाला, आल्या चारला. वीटभट्टीवर ताप, अकरा ते तीन. अक्षर वेडंवाकडं, पण एक दिवस चुकलेला नाही. कारकुनाने पानं शेवटपर्यंत उलटली. मग त्याने पेन काढून बेरीज केली. तीनशे सोळा तास.

नियम असा होता, की आरोग्य केंद्राच्या, म्हणजे या दवाखान्याच्या, आत केलेलं काम तेवढंच सेवेत धरायचं. ती ओळ इथे कोणी वाचलीच नव्हती. वहीतले तास यंत्राच्या आकड्यातच होते, आणि ते वजा केले तर चार हजार भरत नव्हते.

"तेही पेशंटच होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"होते ना. पण ते इथं आले नव्हते."

वही पाहिलीच नाही असं समजता येईल का, हे डॉक्टरीणबाईंनी विचारून पाहिलं. विचारताना त्यांची त्यांनाच लाज वाटली. वर आणखी दोन सह्या होतात, उद्या कोणी विचारलं तर आपली नोकरी जाईल, असं कारकून पुटपुटला. मग त्याने शिक्का डबीत ठेवला.

"मावशी, हे मला दाखवायला नको होतं तुम्ही."

मावशींचा चेहरा पडला. बाई रागावल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. बाई रागावल्या नाहीत.

तेवढ्यात वीटभट्टीवरचा एक मजूर धापा टाकत दारात आला. बायको अडली होती, मुलाचे पाय आधी दिसत होते, तिला हलवणं शक्य नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी एकदा टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं आणि बॅग उचलली.

मावशींनी वही मिटून छातीशी धरली. "आजचं नाही लिहायची मी."

"लिहा, मावशी," बाई दारातून म्हणाल्या. "कुणी आलं तर मी कुठं आहे, ते सांगता यायला हवं."

मावशींनी वही उघडली. भिंतीवरचं घड्याळ त्यांना नीट दिसेना. त्यांनी कारकुनाला वेळ विचारली.

त्याने सांगितली, मिनिटासकट.