विसराळू आमदार

सकाळी आमदारांनी बाहेरच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या उघडल्या, खुर्च्या भिंतीशी लावल्या आणि पत्नीची खुर्ची आपल्या उजव्या हाताला ओढून घेतली. गेले वर्षभर ती तिथेच असे. त्याआधीच्या एकोणीस वर्षांत त्यांना तिची गरज भासली नव्हती.

पहिला माणूस फाटकातून आत शिरताच ते तिच्याकडे झुकले. "हा कोण गं?"

"सायकलवाला. पाण्याच्या टाकीखाली दुकान आहे बघा त्याचं."

"बरोबर," आमदार म्हणाले आणि त्याला जवळ बोलावून विचारले, "काय, धाकटीचं नर्सिंग झालं का पुरं?"

साहेबांचे डोके अजून अधूनमधून चालते, असे सायकलवाल्याने बाहेर जाऊन सांगितले.

"आणि ह्या?"

या वेळी पत्नीला वेळ लागला. आमदार कप ओठांशी धरून थांबले.

"पाळणाघरवाल्या बाई," ती अखेर म्हणाली. त्यांनी चहाचा घोट घेतला.

चार निवडणुका त्यांनी ओळखीच्या बळावर जिंकल्या होत्या. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, हे त्यांना शेजाऱ्याआधी ठाऊक असे. आता विरोधक भर सभेत विचारत, "ज्यांना मतदार ओळखू येत नाहीत, त्यांना मतदारांनी का ओळखावं?" टाळ्या पडत.

गर्दी ओसरल्यावर मेहुणा खुर्ची सरकवून समोर बसला. पत्नीचा हा पाठचा भाऊ. चारही निवडणुका त्यानेच सांभाळल्या होत्या.

"दाजी, पक्षाला आज होकार कळवायचाय. डॉक्टर काय म्हणाले?"

"माणसांत राहायचं. बोलत राहायचं, विचारत राहायचं."

"मग झालं तर! ताई शेजारी असली की अजून पाच वर्षं आरामात निघतील. अख्खा मतदारसंघ तिला तोंडपाठ आहे."

तेवढ्यात ती चहा घेऊन आली.

"अगं, आत्ताच झाला की!" मेहुणा म्हणाला.

"तुम्हा पक्षवाल्यांना चहाला नाही म्हणताना मी कधी पाहिलं नाही," ती म्हणाली.

मेहुणा खो-खो हसला. "टोमणे मारायची सवय काही गेली नाही हिची."

आमदार हसले नाहीत. ती आत जाईपर्यंत ते थांबले. "अधिवेशन लागलं की महिना महिना राजधानीत राहावं लागतं."

"मग ताईला घेऊन जा सोबत."

"नको. तिथली सगळी माणसं अनोळखी. मी उभा राहणार नाही."

"कारण काय सांगणार?"

"लक्षात राहत नाही म्हणून."

"दाजी, लोक हसतील! कमावलेलं नाव मातीत जाईल."

"जाऊ दे. हसायचंच असेल, तर मला हसू देत."

त्यांनी फोन पुढे ओढला, वही न उघडता पक्षाध्यक्षांचा नंबर फिरवला, दोनच वाक्ये बोलले आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

मेहुणा उठला. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन त्याने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. "सांभाळ यांना," एवढेच म्हणाला आणि निघून गेला.

फाटक लागल्याचा आवाज आला. पत्नी कपबश्या उचलायला बाहेर आली आणि खिडकीतून त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली.

"भला माणूस वाटला," ती म्हणाली. "कोण हो तो?"

आमदारांनी तिच्या हातातल्या कपबश्या घेतल्या.

"आहेच भला," ते म्हणाले. "तुझा भाऊ आहे."