कॉम्प्युटरने विचारलेला प्रश्न

आफराने आठ दिवस खपून वर्डमध्ये मॅक्रो बनवला होता. एक बटण दाबलं की अख्खा इंग्रजी अर्ज आपोआप तयार! जव्हारात अब्बूंच्या टायपिंगच्या दुकानात असलं काही कुणी पाहिलंच नव्हतं. आज जामसरचे उमेश गुरुजी चाळीस मुलींचे अर्ज करून न्यायला आले. तिने ऐटीत फाइल उघडली, बटण दाबलं, तर काहीच होईना. मॅक्रो गायब.

"अब्बू, काल फाइल सेव्ह करताना कॉम्प्युटरने काही विचारलं होतं?"

"विचारलं ना. मी 'येस' दाबलं. नेहमी तेच दाबतो."

"अब्बू! साध्या फाइलीत मॅक्रो राहत नाही. 'नो' दाबून मॅक्रोवाला प्रकार निवडायचा. तिथेच एवढं स्पष्ट लिहिलेलं असतं, नुसतं वाचायचं तरी!"

गुरुजी खो खो हसले. "काय हारुनभाई, वीस वर्षं तालुक्याचं इंग्रजी तुमच्या बोटांवर, आणि आज पोरगी तुम्हाला शिकवते!"

अब्बूही हसले. मग तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "बेटा, मी अक्षर बघून अक्षर टाइप करतो. काय लिहिलंय ते मला कधीच कळलं नाही."

आफराने कीबोर्ड पुढे ओढला. मग गुरुजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "बसा गुरुजी, आता कसं करायचं ते पाठ झालंय, तासाभरात पुन्हा बनवते. अब्बूंनी बरोबरच दाबलं होतं. फाइलचा प्रकार मीच चुकीचा निवडून ठेवला होता."