पाच वाजेपर्यंतचा समुद्र

फाटक उघडलं आणि सगळ्यात आधी लुमिंग आत पळाली. वय एकसष्ट, चपला हातात. मागून तिच्या दोन मैत्रिणी, तेर्सिंग आणि उर्बाना, आणि त्यांच्यामागून अख्खं सांता बेनिग्ना गाव. पाद्रीसुद्धा झगा गुडघ्यापर्यंत उचलून पळत होते.

परदेशी आरमार जाऊन महिना झाला होता. लुमिंगच्या जन्माआधीपासून गावाचा किनारा त्यांच्या तारांमागे होता. गाव जगलं तेही त्यांच्यावरच. कुणी त्यांची जहाजं रंगवली, कुणी खलाशांचे कपडे धुतले. लुमिंगनं फाटकाबाहेर केळी तळून विकली आणि जाळीतून त्यांना पोहताना पाहिलं. शेवटचं जहाज निघालं तेव्हा निम्मं गाव रडलं होतं. आता किनारा एका हॉटेल कंपनीकडे आला होता. कंपनीनं मोठ्या मनानं गावाला एक दुपार देऊ केली होती. पाचला नवं कुंपण ठोकायचं होतं. खांब ट्रकमध्ये तयार होते.

त्या दुपारी गावाला वेड लागलं. उर्बाना वाळूत गडाबडा लोळली. शाळेच्या हेडमास्तरांनी कोलांटी मारली, पडले, आणि पुन्हा मारली. तेर्सिंगनं पाणी चाखून पाहिलं आणि खरंच खारट आहे म्हणून सगळ्यांना सांगत सुटली. लुमिंग नुसती हसत होती. कशाला हसतेस म्हणून कुणी विचारलं, की तिला आणखीच हसू फुटे.

पाचला शिट्टी वाजली. वाजवली देल्फीननं. चौतीस वर्षं तो याच फाटकावर पहारेकरी होता. आता अंगावर कंपनीचा गणवेश आला होता, एवढाच फरक. रोज त्यानं लुमिंगची केळी खाल्ली होती आणि ती दोन पावलं आत आली की रोज तिला मागे फिरवलं होतं.

लोक कुरकुरत निघाले. या तिघी मात्र उलट्या दिशेनं चालू लागल्या. हातात हात धरून त्या छातीभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. झगे फुगून वर आले होते. कंपनीचा तरुण मॅनेजर घड्याळाकडे बघत देल्फीनला म्हणाला, त्यांना बाहेर काढा, त्याशिवाय खांब ठोकता येणार नाहीत.

देल्फीननं काठावरून हाका मारल्या. लुमिंगनं तिथूनच उत्तर दिलं.

"ये की इकडे. ओढून ने मला."

देल्फीननं बूट काढले. त्यावर टोपी ठेवली. तो पाण्यात शिरला. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. निघालेले लोक थबकले. त्यानं लुमिंगचा हात घट्ट पकडलेला सगळ्यांना दिसला. आता ओढणार, असं वाटलं. तेवढ्यात लाट आली, चौघं एकदम पाण्याखाली गेली आणि ठसकत वर आली. देल्फीन मोठमोठ्यानं हसत होता.

मग कुणी कुणाचं ऐकलं नाही. सगळं गाव पाण्यात घुसलं. पाद्री झग्यासकट, हेडमास्तर चष्म्यासकट. कोरड्या वाळूवर एकटा मॅनेजर उरला. अंधारून आल्यावर त्यानं ट्रक परत पाठवला. पण पुढेही रोज पाचला गाव पाण्यातच असायचं. आठवड्यानं कुंपण झालं, पण ते वर, नारळांच्या मागे. वाळू गावालाच राहिली.

त्या पहिल्या संध्याकाळी लोक पाण्यात उड्या मारत होते तेव्हा देल्फीननं लुमिंगचा हात सोडलाच नव्हता. तिची बोटं दुखायला लागली.

"चौतीस वर्षं इथंच होतास ना रे तू? मग एवढा का घाबरतोस?"

"इथंच होतो गं," देल्फीन म्हणाला. "पण पाण्याकडे पाठ करून."