उंदरांपुरती परवानगी

मल्ली वाचली. अधिकृतपणे मात्र असं काही घडलंच नाही. आमच्या देवनहळ्ळीच्या प्रयोगशाळेबाहेर वॉचमन जयसिंगरावांच्या या कुत्रीला कॅबने उडवलं नाही, तिच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या नाहीत. “अक्का, तुमचं ते बनवलेलं रक्त चढवा की स्वल्प,” ते संशोधक भव्याला म्हणालेच नाहीत. हे रक्त म्हणजे रक्तपेशींतून काढलेलं, प्राणवायू वाहणारं हिमोग्लोबिन. प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी फक्त उंदरांपुरती. “अण्णा, माझी नोकरी जाईल.” “जाऊ दे की. तुम्हाला दुसरी मिळेल, मला मल्ली कुठली मिळायची?” भव्याने सुई टोचली नाही. काळपट थेंब नळीतून उतरले नाहीत. मल्लीचा श्वास अडकला, आम्हा तिघांचाही. मग तिने डोळे उघडले आणि ती कृतज्ञतेने भव्याला चावली. समितीने चाव्याचा खुलासा मागवला, तो हा. तरी सदर कुत्रीस कालच्या दुपारपुरते उंदीर समजण्यात यावे, ही नम्र विनंती.