घरी परतलेला वास

गोदूताई मगदुमांच्या मसाल्याची कुणी नक्कल केली, की नकली पुडीवरचं नाव आपोआप उडून जायचं आणि चित्रातला कोंबडा पाठ फिरवायचा. नाव नोंदलेलं, चित्र नोंदलेलं. वास तेवढा नोंदवायचा राहिला होता. लबाडांनी बिननावाच्या पुड्यांतून तोच वास विकला आणि गोदूताईंचा धंदा बसला.

शेवटी त्यांनी वासाच्या नोंदणीच्या कागदावर अंगठा टेकवला. काय सांगावं! अख्ख्या कोल्हापुरातला तो वास पाखरांच्या थव्यासारखा घरी परतला. गल्लीच्या गल्ली शिंकली.

तेवढ्यात धाकटी जाऊ पातेलं घेऊन दारात. "अक्का, माझ्या रश्श्याचाबी वास गेला की! तुमच्याच हाताखाली शिकले न्हवं मी?"

"मग रडतीस कशाला? घरच्यांना परवानगी हाय!" गोदूताईंनी त्याच कागदावर पुन्हा अंगठा टेकवला.

पातेल्यातून वाफेसरशी वास असा उसळला, की दोघी जावा डोळे विस्फारून उभ्याच राहिल्या.